काका, अंजनासाठी थँक्यू

काका, तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीला कसलं पत्र, पण राहवत नाहीये.

'अज्ञानतिमिरान्धस्य ज्ञानाञ्जनशलाकया' हा गुरुवंदनेचा श्लोक मी ४० वर्षं म्हणतोय. शाळेत अर्थ विचारला तर आधी पाठ कर म्हणून गप्प बसवलं होतं, आणि परवा लेकीने विचारलं की बाबा, अंजन म्हणजे काजळच ना, मग ते श्लोकात कशाला? ग्रुपवर टाकलं तर एक विद्वान म्हणाले एवढंही माहीत नाही का, बाकीच्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, अर्थ कोणीच सांगेना.

तुम्ही मात्र कोश काढून लेकीला शेजारी बसवलंत. अञ्ज् म्हणजे माखणं, लावणं, त्यावरून अंजन. काजळ हा त्यातला फक्त एक प्रकार, जुने वैद्य दारुहळदीच्या काढ्यापासून केलेलं रसांजनही डोळ्यात घालायचे. तिमिर म्हणजे नुसता अंधार नाही, तो डोळ्याचा आजारही आहे, आणि शलाका म्हणजे अंजन घालायची सळई, म्हणून तर आयुर्वेदातल्या डोळे, कान, नाक बघणाऱ्या शाखेचं नाव शालाक्यतंत्र. म्हणजे अज्ञानाने आंधळ्या झालेल्याचे डोळे ज्ञानाच्या अंजनाने उघडणारा गुरू इथे चक्क डोळ्यांचा वैद्य आहे! मी इतकी वर्षं नुसतीच मान डोलवत होतो. दिवाळीचं अभ्यंग आणि आपण रोज वापरतो तो 'व्यक्त' हेही त्याच अञ्ज् चे, आणि ट्यूबवरचं ऑइंटमेंट लॅटिनकडून आलेलं लांबचं भावंड, हे ऐकून तर लेक उड्याच मारायला लागली.

पण खरं थँक्यू दुसऱ्या दिवशीच्या फोनसाठी. निरंजन म्हणजे ज्याला काहीच माखलेलं नाही, निर्मळ, हे सांगताना तुम्ही ओघात म्हणालात की आरतीचं निरांजनही त्यातलंच. आम्ही ते विसरलोही होतो. सकाळी सात वाजता तुमचा फोन, "अरे, काल चुकलो मी, ते नीराजन, म्हणजे ओवाळणं, त्याचा अंजनाशी संबंध नाही, पोरीला सांग नाहीतर तिच्या डोक्यात चुकीचं बसेल." आठ वर्षांच्या पोरीसाठी रात्री परत कोश उघडून बसलात तुम्ही! नाहीतर एरवी चूक दाखवली तरी लोक आवाज चढवतात, आणि त्यात शिकलेले जास्त. असो, त्यांच्याबद्दल नको.

तिने वहीतलं निरांजन खोडून बाजूला 'आजोबांनी दुरुस्त केलं' असं लिहिलंय. रविवारी येतोय आम्ही, आता काजळ शब्द कुठून आला ते विचारणार आहे ती, कोश खाली काढून ठेवा.