सूचना : आमदारांना द्यायच्या निवेदनावर रविवारी सह्या

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पीडितांना पोलीस तपासाची माहिती वेळेत मिळावी म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आमदारांना द्यायच्या निवेदनावर सह्या घेण्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या सभागृहात बैठक आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे असते. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार हद्दीचे कारण सांगून नाकारता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. कायदा चांगलाच आहे, पण ठाण्यात खेटे घालणाऱ्याला तो सांगतो कोण? म्हणून मागणी अशी : प्रत्येक ठाण्यात दर्शनी भागी मराठी फलक लावावा आणि ९० दिवसांची माहिती लेखीच द्यावी. ‘आरोपीला फाशी द्या’ हा मजकूर निवेदनात घेतलेला नाही, कृपया आग्रह धरू नये.

मनोधैर्य योजनेचा (बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांना राज्य सरकारच्या मदतीचा) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे रखडला असेल, तर पोचपावतीची झेरॉक्स आणावी.

पीडितांची नावे वा फोटो ग्रुपवर टाकू नयेत. बलात्कार आणि पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा) प्रकरणांत ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आरोपीच्या जातीधर्माची चर्चाही इथे नको. त्यासाठी दुसरे ग्रुप पुष्कळ आहेत.

– कार्यवाह