114 मेगाबिटवर अडलेला आलेख

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

संगणक केंद्रातून आपण निवृत्त झालात, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात महाविद्यालयाची इंटरनेट लाइन 100 मेगाबिटवरून 1 गिगाबिटवर गेली आणि आठवड्याभरात मी सेवापुरवठादाराला खरमरीत तक्रारपत्र लिहायला बसलो. ते पत्र गेले नाही, हे सर्वस्वी आपल्यामुळे. म्हणून आभारही चारचौघांत मानतो आहे.

कॅक्टीवरचा (लाइनवरच्या रहदारीचा आलेख काढणाऱ्या आमच्या प्रोग्रामवरचा) आलेख दिवसभर खाली-वर होई, पण 114 मेगाबिटच्या वर एकदाही गेला नाही. 1 गिगाबिटचे पैसे मोजून जेमतेम दशांश वेग पदरात पडतो आहे, अशी माझी खात्री झाली होती आणि प्राचार्यांच्या कानावरही मी ते घातले होते. मसुदा आपल्याला पाठवला, तेव्हा आपण त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. फोनवर एवढेच विचारलेत, “114च का? 100 का नाही, 150 का नाही?” आणि मला कागद-पेन घ्यायला लावलेत.

राउटर वेग सांगत नाही. वीजमीटरसारखा तो आजवर किती बाइट गेले, तो आकडा फक्त सांगतो, आणि दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या यंत्रांतले आकडे दुरून वाचण्याच्या ठरीव पद्धतीने) तो वाचून, मागचा आकडा वजा करून, 300 सेकंदांनी भागण्याचे काम आपल्या बाजूला होते. जुना काउंटर 32 बिटचा, म्हणजे सुमारे 429 कोटी बाइट झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. 100 मेगाबिटची लाइन तुडुंब भरून वाहिली तरी एका फेरीला 343 सेकंद लागतात, त्यामुळे आमचे इतकी वर्षे निभावले. 1 गिगाबिटला मात्र तीच फेरी 34 सेकंदांत संपते, म्हणजे दोन वाचनांच्या मध्ये मीटर आठ वेळा फिरून गेला तरी हाती येते ती फक्त उरलेली बाकी. 429 कोटी बाइटचे बिट करायला 8 ने गुणून 300 सेकंदांनी भागल्यावर कागदावर 114 मेगाबिट उमटले, तेव्हा मला घाम फुटला.

दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत 64 बिटचे, म्हणजे इतक्यात फिरून शून्यावर न येणारे, काउंटर वाचताच येत नाहीत, म्हणून ती बदलून दुसरी केली आणि कॅक्टीत 64 बिट काउंटरचा आलेख निवडला. त्याच दुपारी रेषा 400च्या पुढे गेली.

खरे तर आकडा नेमका काय सांगतो हे आधी विचारण्याची ही सवय आपण मला पूर्वीच लावायला घेतली होती. एमआरटीजी हा रहदारीचा आलेख काढणारा प्रोग्राम प्रथम दाखवताना आपण सांगितले होते की, 1994 मध्ये टोबियास ओटिकर लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठात होते, तेव्हा तिथल्या हजाराहून अधिक संगणकांना मिळून 64 किलोबिटची एकच लाइन होती. मोठी लाइन इतक्यात मिळणार नव्हती, तेव्हा आहे त्या लाइनवर काय चालले आहे ते निदान सर्वांना दिसावे, म्हणून त्यांनी तो आलेख केला. त्यांच्याच आरआरडीटूलची, म्हणजे अशी वाचने साठवणाऱ्या साधनाची, फाइल वर्षानुवर्षे तेवढ्याच आकाराची राहते, कारण जुनी वाचने सरासरीत विरघळत जातात. म्हणून वर्षभराचा आलेख दाखवून ‘गर्दी कधी झालीच नाही’ असे म्हणू नये, हे आपण दोनदा बजावले होते. लोडशेडिंगच्या काळात आलेखात पडलेली रिकामी जागा मी शून्य म्हणून अहवालात लिहिली होती, तेव्हा “लाइन बंद होती की मोजणारा बंद होता?” असे विचारून आपण तो अहवाल परत केला होता. त्या वेळी मला राग आला होता, हेही आज सांगून टाकतो.

प्राचार्यांना मी खरा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत, ही त्यांची मेहरबानी.

पुढच्या महिन्यात यूपीएसच्या बॅटऱ्यांचे तापमानही आलेखावर आणायचे आहे. त्याआधी एकदा केंद्रात चहाला यावे आणि यंत्र नेमका कोणता आकडा देते, ते माझ्याआधी पाहावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
संगणक केंद्रातील आपला जुना सहायक