‘फ्लॉप शो’ फक्त दहा भागांचा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला विनोदी लेखक-अभिनेते जसपाल भट्टींवरचा लेख वाचला. त्यांची आठवण काढलीत हे बरंच झालं. पण लेखात ‘वर्षानुवर्षं चाललेली मालिका’, ‘निखळ विनोद’ आणि ‘हसरा सरदारजी’ असे तीन शब्दप्रयोग आहेत, आणि तिन्ही चुकले आहेत. पहिल्याची दुरुस्ती एका ओळीत होते: १९८९ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘फ्लॉप शो’चे भाग होते फक्त दहा. उरलेल्या दोनांसाठी मात्र थोडी जागा मागतो.

भट्टी मूळचे अमृतसरचे, जन्म ३ मार्च १९५५. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकी केली, तिथेच ‘नॉनसेन्स क्लब’ काढून पथनाट्यं केली आणि पुढे ‘ट्रिब्यून’ या इंग्रजी दैनिकात व्यंगचित्रं काढली. लेखात ही व्यंगचित्रं अर्ध्या वाक्यात उरकली आहेत. खरं तर त्यांच्या लिखाणाची घडण तिथली आहे. एका चौकटीत दुसरी कल्पना मावत नाही. टेबल, टेबलामागचा माणूस, समोर ताटकळणारा माणूस आणि खाली एक ओळ, बस्स. दूरदर्शनच्या सकाळच्या प्रसारणात काही मिनिटांसाठी येणारा ‘उल्टा पुल्टा’ म्हणजे हीच चौकट हलती-बोलती केलेली.

एवढ्या वेळात विनोद बसवणं काय असतं, हे कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. संवादांच्या संहितेचं एक पान साधारण एक मिनिट चालतं. म्हणजे हातात तीन-चार पानं. पहिल्या अर्ध्या पानात जागा, माणसं आणि अडचण कळलीच पाहिजे. त्यानंतर अडचण दोनदा, फार तर तीनदा वाढते, आणि दर वेळी त्याच दिशेने. फसतं ते बहुतेक इथेच. लेखकाला मध्येच दुसरा चांगला विनोद सुचतो आणि तो टाकायचा मोह आवरत नाही. प्रेक्षक तिकडे वळतो, पहिला धागा सुटतो आणि शेवटची ओळ येते तेव्हा ती कशावर उभी आहे हेच त्याला आठवत नाही. आजच्या स्किटमध्ये दर दहा सेकंदांना पंच हवा असा हट्ट असतो. त्यात हशे भरपूर मिळतात, पण दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला गेलं तर सांगता येत नाही.

भट्टींची युक्ती आणखी वेगळी होती. ते पद्धत जशीच्या तशी ठेवायचे आणि एकच खिळा काढून घ्यायचे. सरकारी नोकरांच्या वैद्यकीय बिलांवर ‘फ्लॉप शो’चा एक भाग आहे. हा विषय या पद्धतीने लिहायचा तर काय करावं लागेल? आधी खरी साखळी लिहून काढायची: डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या दुकानाचं बिल, त्यावर डॉक्टरची सही आणि शिक्का, अर्ज, बारनिशीत, म्हणजे आवक-जावक वहीत नोंद, मग फाईल साहेबांच्या टेबलावर. यातली एकही पायरी गाळायची नाही, एकही वाढवायची नाही. काढायचा फक्त आजार. आता प्रत्येक सही खरी, प्रत्येक शिक्का खरा आणि माणूस ठणठणीत. विनोदी वाक्य वेगळं लिहावंच लागत नाही. ‘किती दिवस ताप होता?’ हा कारकुनाचा साधा प्रश्नच पुरतो. पण लेखकाला ती साखळी माहीत नसेल तर तो कारकुनाला तोतरा करतो, नाहीतर साहेबाला विचित्र टोप घालतो. ते सोपं असतं, म्हणून जास्त दिसतं.

म्हणूनच ‘निखळ’ हा शब्द खटकतो. या विनोदाला नेम होता. पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारा मार्गदर्शक, ठेकेदार, डॉक्टर, टेलिफोन खातं, इतकंच काय, मालिका काढणारे टीव्हीवालेसुद्धा. प्रत्येक भाग त्या-त्या मंडळींना आदरपूर्वक अर्पण केलेला असायचा. शिव्या न देता बोट दाखवायची ही सोय फार धूर्त आहे, कारण अर्पणपत्रिकेवर तक्रार कोण करणार? आणि हे सगळं सरकारी वाहिनीवर.

आणि हसरा? भट्टींचा चेहरा पडद्यावर हसत नसे, तो वैतागलेला किंवा मख्ख असे. वाक्य संपल्यावर नट जर अर्धा क्षण हशासाठी थांबला, तर प्रेक्षकाला कळतं की याला हे विनोदी वाटतंय. मग सगळा प्रसंगच खोटा पडतो. भट्टी दूधवाल्याचा हिशेब सांगावा तशा सुरात बोलत आणि पुढच्या वाक्याकडे जात. पत्नी सविता भट्टी या मालिकेच्या निर्मात्याही होत्या आणि पडद्यावर पत्नीच्याच भूमिकेत असत. विवेक शौक दर भागात नवा माणूस होऊन येत. त्यांचा उत्साह आणि भट्टींचा थंडपणा यांची जोडी जमली नसती, तर तेच लिखाण निम्मं उरलं असतं, असं माझं मत आहे.

लेखात भागाच्या शेवटच्या विडंबनगीतांबद्दल चकार शब्द नाही, याचं नवल वाटलं. हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द बसवणं हे मात्रांचं काम आहे. मुखड्याची सुरुवात मूळ गाण्याच्या जवळ हवी, म्हणजे चाल लगेच ओळखू येते. मग नवा शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. ‘बिल’, ‘सही’, ‘फोन’ असे आखूड शब्द समेवर बसतात. ‘रिइम्बर्समेंट’ तिथे ठेवला तर गायक अक्षरं गिळतो आणि गंमत ऐकूच येत नाही. लांब शब्द उतरत्या ओळीत ढकलायचा. शिवाय टीव्हीवर ओळ एकदाच ऐकू येते, म्हणून वाद्यं खाली आणि उच्चार वर. घाईत केलेल्या विडंबनात नेमकं हेच उलटं होतं.

चित्रपटांबद्दल थोडक्यात. पोलिसांवरचा पंजाबी ‘माहौल ठीक है’ (१९९९) त्यांनी दिग्दर्शित केला. काही मिनिटांच्या चौकटीत पक्की बसणारी ही शैली अडीच तासांत सैल पडते असं मला वाटतं. त्यापेक्षा २००९च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी काढलेला ‘रिसेशन पार्टी’ नावाचा पक्ष त्यांच्या जातकुळीचा होता. पक्षस्थापनेची पद्धत तशीच ठेवून एक खिळा काढलेला.

शेवटी आणखी एक दुरुस्ती. भट्टींनी ‘पद्मभूषण स्वीकारला’ असं लेखात म्हटलं आहे. ‘पॉवर कट’ या चित्रपटाच्या प्रचारासाठी फिरत असताना, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०१२ रोजी जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ मोटार अपघातात ते गेले. तेव्हा त्यांचं वय ५७ होतं. पद्मभूषण २०१३ सालचा, म्हणजे मरणोत्तर. पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास दहा हा आकडाही.

आपला,
एक संहितालेखक