'टेस'चे पडद्यावरील रूपांतर

महोदय,

अभिजात कादंबरीवरील चित्रपटाची चर्चा आपल्याकडे बहुधा वेशभूषा, निसर्गदृश्ये आणि नायिकेचे रूप यांपाशीच थांबते. टॉमस हार्डी यांच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' (१८९१) या कादंबरीच्या बाबतीत तरी हा मापदंड फार तोकडा आहे, असे मला वाटते.

या कादंबरीचे मर्म लग्नाच्या रात्रीच्या प्रसंगात आहे. शेकोटीपाशी बसलेला टेसचा नवरा एंजल, लंडनमध्ये एका परक्या स्त्रीबरोबर घालवलेल्या ४८ तासांची कबुली देतो आणि टेस त्याला तत्क्षणी क्षमा करते. त्याच्याच आग्रहाने घातलेले हिरे अजून तिच्या गळ्यात असतात आणि त्याच विश्वासाने ती, लग्नापूर्वी अ‍ॅलेक या धनिक तरुणाने आपल्याला कसे नासवले, ते सांगते. मात्र ज्या स्त्रीवर आपण प्रेम केले ती ही नव्हेच, असे म्हणून एंजल तिला टाकून परदेशी निघून जातो. टेसला अ‍ॅलेकने उद्ध्वस्त केले हे खरेच, परंतु तिला पुन्हा त्याच्याच दारी लोटण्यात या सुशिक्षित, उदारमतवादी म्हणवणाऱ्या नवऱ्याचा वाटा मोठा आहे, आणि हार्डींचा खरा रोख त्याच्यावर आहे.

मायकेल विंटरबॉटम यांच्या 'तृष्णा' (२०११) या चित्रपटाविषयी माझी तक्रार आहे ती याच कारणासाठी. कथा राजस्थानात आणि मुंबईत आणणे मुळीच गैर नाही. जमीनदारी, गरिबी आणि अब्रूची कल्पना इथेही तितकीच दाहक आहे. फ्रीडा पिंटो आणि रिझ अहमद यांचे कामही प्रामाणिक आहे. पण अ‍ॅलेक आणि एंजल यांना एकाच तरुणात मिसळून टाकल्यावर, भला माणूसही किती निर्दय होऊ शकतो, हा प्रश्नच बोथट होतो. याच कादंबरीवरील, १९६७ सालच्या 'दुल्हन एक रात की'मध्ये गाणी आहेत, हिंदी चित्रपटाच्या सर्व तडजोडी आहेत, तरीही नूतनच्या वाट्याला दोन स्वतंत्र पुरुष आले, हे मला महत्त्वाचे वाटते.

रोमन पोलान्स्की यांच्या 'टेस'ला (१९७९) छायाचित्रण, कलादिग्दर्शन व वेशभूषा यांसाठी ऑस्कर मिळाले आणि ते सार्थ होते. इंग्लंडमधील डॉर्सेटची म्हणून दिसणारी ती शिवारे फ्रान्समधली आहेत, स्टोनहेंज हे प्राचीन शिळावर्तुळही तिथेच उभारलेले आहे, पण त्याने काही बिघडत नाही. खटकते ते इतकेच, की दृश्ये इतकी देखणी आहेत की शेतमजुरीचे कष्टही डोळ्यांना सुखावू लागतात. कादंबरीतील फ्लिंटकोम-अ‍ॅशच्या गारठलेल्या, दगडाळ रानात टेस पावसात भिजत सलगम उपटते, मळणीयंत्रावर उभी राहून हात बधिर होईपर्यंत पेंढ्या सोडते. ती पाने वाचताना सौंदर्याचा विचार मनात येत नाही. बीबीसीच्या चार भागांच्या मालिकेला (२००८) अशा प्रसंगांसाठी अधिक अवकाश होता.

माध्यम बदलले की काटछाट होणारच, हे मान्य आहे. खुद्द हार्डींनाही, कादंबरी आधी क्रमशः छापणाऱ्या 'ग्राफिक' साप्ताहिकासाठी, एंजल गवळणींना उचलून पाण्यापलीकडे नेतो त्या प्रसंगात, सभ्यतेखातर त्याच्या हाती ढकलगाडी द्यावी लागली होती. परंतु पुस्तक काढताना त्यांनी तो प्रसंग पूर्ववत केला. आपल्या पुरवणीतील समीक्षकांनी यापुढे अशा रूपांतरांविषयी लिहिताना काय गाळले याबरोबरच, गाळल्यामुळे दोष कोणाच्या माथी गेला आणि कोण सुटले, हेही वाचकांना सांगावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा