फिशटँकमध्ये हात घालण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कूलरचा शॉक लागून कोणी दगावल्याची बातमी मराठवाड्यात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते, त्यामुळे कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करण्याची सवय पुष्कळ घरांना लागली आहे. बैठकीतल्या फिशटँकबाबत मात्र हीच माणसे निर्धास्त असतात. परभणीत थंडी वाढली की रंगीत माशांच्या दुकानांतून काचेच्या नळीचे हीटर खपू लागतात आणि त्यांच्याबरोबर सावधगिरीचा शब्द सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी अनेक वर्षे घरगुती वायरिंगची कामे केली आहेत. गेल्या महिन्यात टँक साफ करताना एका परिचितांच्या हाताला झिणझिण्या आल्या, पण पाण्यात करंट असता तर मासे जगले असते का, असे म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. हा समज फार घातक आहे. मासा सर्व बाजूंनी पाण्यातच असतो आणि त्याच्या अंगातून जमिनीकडे जायला करंटला वाट नसते. तारेवर बसलेल्या पाखरासारखेच ते आहे. टँकची काचही वीज वाहू देत नाही. ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून आपण हात आत घालतो, तेव्हा ती वाट आपल्याच शरीरातून तयार होते. त्या परिचितांच्या हीटरच्या नळीला केसाएवढा तडा गेलेला निघाला. पाणी बदलताना हीटर चालूच राहिला आणि तापलेल्या नळीवर गार पाणी पडले, की काच अशी तडकते.

‘घरात एमसीबी आहे’ हे उत्तर मी नेहमी ऐकतो. एमसीबी म्हणजे जादा करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच; १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव त्याच्या कितीतरी कमी, मिलिअँपिअरमध्ये मोजल्या जाणाऱ्या करंटने जाऊ शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, जो करंटची गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडतो आणि अर्थिंग नीट नसले तरी काम करतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत ५ किलोवॅटहून लहान घरगुती जोडण्यांना या उपकरणातून सूट होती, त्यामुळे जुन्या घरांत ते बहुधा नसतेच. जेथे आहे तेथेही इन्व्हर्टरवरच्या बोर्डाला वेगळा आरसीसीबी बसवावा लागतो, कारण वीज गेल्यावर त्या बोर्डाचा करंट मुख्य आरसीसीबीतून येतच नाही.

नुसते बटण बंद करणेही पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेले मला अनेकदा आढळले आहे. तेथे बटण बंद असूनही हीटरपर्यंत फेज पोहोचलेला असतो. म्हणून प्लगच काढावा. वायर सॉकेटकडे नेताना तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी त्या झोळावरून ठिबकून जाते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून खाली ठेवला असेल, तर वीज जाताच टँकचे पाणी नळीतून उलटे पंपात उतरते. नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवला की हे टळते, आणि तो अगदी स्वस्त मिळतो.

माशांना खाद्य किती द्यावे, हे दुकानदार गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात. हीटर देताना त्याच्या खोक्यावर ‘हात घालण्यापूर्वी प्लग काढा’ एवढी ओळ त्यांनी मराठीत लिहून द्यावी, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन, परभणी