ब्रायन लिमावरील श्राव्यभागातील गंभीर चुकांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : क्रीडाचरित्रांच्या मराठी श्राव्यमालिकेतील सामोआचा रग्बीपटू ब्रायन लिमा याच्यावरील भागातील चुकांची दुरुस्ती आणि वर्गणीचा परतावा मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या श्राव्य ॲपचा वार्षिक वर्गणीदार आहे. जगभरच्या खेळाडूंची चरित्रे अस्सल मराठीत ऐकायला मिळतील, या आपल्या जाहिरातीवर विसंबून मी गेल्या जूनमध्ये १,४९९ रुपये भरले. नाशिकच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षक असून आठवी-नववीच्या मुलामुलींना रग्बी शिकवतो. या खेळाविषयी मराठीत फारसे काही मिळत नाही, त्यामुळे लिमावरचा पाऊण तासाचा भाग आल्याचे कळताच मी तो स्वतः आधी न ऐकता थेट वर्गात लावला. एवढी एक चूक माझी, बाकीच्या आपल्या.

दहाव्या मिनिटाला निवेदक म्हणतात की, लिमाने विश्वचषक स्पर्धांत अनेक प्रयत्न केले. त्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, म्हणजे त्याला जमलं नाही का?" तिचा प्रश्न रास्त होता. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे याला रग्बीत 'ट्राय' म्हणतात आणि मराठी क्रीडापत्रकारही तोच शब्द वापरतात. त्याचे 'प्रयत्न' असे भाषांतर केल्याने यशाचे अपयश झाले. पुढे देशाकडून खेळलेल्या सामन्यांसाठीच्या 'कॅप'च्या 'टोप्या' झाल्या, तेव्हा वर्गात हशा पिकला. ही संहिता यंत्राकडून भाषांतरित करून घेतलेली आहे आणि ध्वनिमुद्रणापूर्वी रग्बी पाहिलेल्या एकाही माणसाने ती वाचलेली नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

भाषेपुरतेच असते तर मी पत्र लिहिले नसते. १९९१ च्या विश्वचषकात तेव्हाच्या वेस्टर्न सामोआने कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्सला १६-१३ असे हरवले. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकाचे निमंत्रणही न मिळालेल्या या छोट्या द्वीपराष्ट्राचा तो स्पर्धेतला पहिलाच सामना होता आणि त्या संघात लिमा हा एकोणीस वर्षांचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू होता. आपला भाग एका ट्रायचे पाच गुण सांगतो आणि याच सामन्यात सामोआचे दोन ट्राय झाल्याचेही सांगतो. मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला : दोन ट्रायचे दहा, एका कन्व्हर्जनचे (ट्रायनंतरच्या किकचे) दोन, दोन पेनल्टींचे (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळालेल्या किकचे) सहा, म्हणजे अठरा. मग सोळा कसे? कारण १९९१ मध्ये ट्रायला चारच गुण होते, पाच झाले ते १९९२ पासून. हे तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

माझी मुख्य तक्रार मात्र याहून गंभीर आहे. लिमाने 'मध्येच देश बदलला' आणि सामोआकडून तो 'तीन विश्वचषक' खेळला, असे आपल्या भागात ठामपणे सांगितले आहे. वस्तुस्थिती अशी की, १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या वेस्टर्न सामोआने १९९७ मध्ये आपल्या नावातून 'वेस्टर्न' हा शब्द काढून टाकला. देश तोच, राजधानी आपिया तीच, निळी जर्सीही तीच. लिमा १९९१, १९९५, १९९९, २००३ आणि २००७ असे पाच विश्वचषक खेळला आणि पाच विश्वचषकांत खेळणारा तो जगातला पहिला रग्बीपटू ठरला. इटलीच्या माउरो बर्गामास्कोला त्याची बरोबरी करायला २०१५ उजाडावे लागले. ज्या विक्रमामुळे हा खेळाडू ओळखला जातो, त्यातले दोन विश्वचषक आपण नामांतराच्या गोंधळात गिळंकृत केले आहेत. शिवाय देश बदलल्याचा आरोप लिमावर व्हावा, हे विशेष खटकते. मायकेल जोन्ससारखा मोठा खेळाडू १९८६ मध्ये वेस्टर्न सामोआकडून एक कसोटी (आंतरराष्ट्रीय सामना) खेळून पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या विश्वविजेत्या संघात होता; त्याला मी दोष देत नाही, पण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संघाकडून खेळूनही लिमा राष्ट्रीय संघापुरता सामोआचाच राहिला, हा फरक चरित्रकाराला ठाऊक असायला हवा.

त्याला 'कायरोप्रॅक्टर' म्हणत, म्हणून तो 'हाडांच्या उपचारांचा व्यवसाय सोडून रग्बीत आला', हे आपले विधान ऐकून मी ध्वनिफीत बंदच केली. हे टोपणनाव त्याच्या टॅकलमुळे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवून पाडण्याच्या पद्धतीमुळे पडले. समोरच्याची हाडे तो जागची हलवतो, अशी ती थट्टा होती. २००३ मध्ये ब्रिस्बेनला दक्षिण आफ्रिकेच्या डेरिक हौगार्डवर त्याने केलेला टॅकल ज्याने पाहिला आहे, त्याला या नावाचा खुलासा लागत नाही.

उरलेला भाग मी घरी ऐकला. त्यात २००७ च्या विश्वचषकातून लिमाने 'दिमाखात निरोप घेतला' असे आहे. तसे घडले नाही. त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टॅकल करताना तो स्वतःच बेशुद्ध पडला आणि पुढे इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनवर खांद्याच्या वर केलेल्या टॅकलबद्दल त्याच्यावर बंदी आली. टॅकल खांद्याच्या खाली करा, असे मी मुलांना रोज बजावतो, म्हणून हा कटू शेवट त्यांनी ऐकणे मला जास्त गरजेचे वाटते.

या चुका मी आपल्या मदत कक्षाला दोनदा लेखी कळवल्या. दोन्ही वेळा 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढेच छापील उत्तर आले आणि भाग आजही तसाच ऐकू येतो. म्हणून माझी मागणी अशी की, हा भाग तातडीने मागे घ्यावा, रग्बीच्या जाणकाराकडून तपासून नव्याने ध्वनिमुद्रित करावा, ज्यांनी तो ऐकला आहे त्या सर्व वर्गणीदारांना ॲपवरून दुरुस्ती कळवावी आणि माझ्या वर्गणीची पूर्ण रक्कम परत करावी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. वर्गणीची पावती आणि चुकांच्या मिनिटवार नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक वर्गणीदार व क्रीडाशिक्षक,
नाशिक