तैवानी नूडल्समध्ये केचप कशाला?

महोदय,

‘तैवानी स्ट्रीट फूड नूडल्स’ या मथळ्याच्या पाककृती हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वरचेवर दिसतात. साहित्य पाहावं तर कोबी, गाजर, ढोबळी मिरची, लाल चिली सॉस आणि केचप; कृती म्हणजे मोठ्या आचेवर सगळं एकत्र परतणं. पदार्थ चविष्ट होतही असेल, पण तैवानचा त्यात नावापुरताच संबंध उरतो. तिथल्या गाड्यांवर परतलेले नूडल्सही मिळतात. तरी ज्या वाडग्यांसाठी तैवान ओळखलं जातं ते गिऱ्हाईक आल्यावर परतत बसत नाहीत. नूडल्स उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवतात आणि आधीच तयार ठेवलेल्या तीन-चार गोष्टी त्यावर घालतात. घरी करताना सगळी मेहनत या तयारीत असते, त्यामुळे पाककृतीही तिचीच छापायला हवी.

उदाहरण म्हणून ताइनान शहराचे दानझाई नूडल्स घेऊ. वादळांच्या हंगामात होडी समुद्रात नेता येत नसे, तेव्हा होंग यू-तोऊ या मच्छीमाराने 1895 साली हे नूडल्स कावडीवर विकायला सुरुवात केली. वाडगा आजही छोटाच असतो: जेमतेम 80 ते 100 ग्रॅम नूडल्स, वर चमचाभर शिजवलेलं डुकराचं मांस, एक कोळंबी आणि थोडासा रस.

सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे तळलेला छोटा लाल कांदा, अर्थात शॅलट, आणि तो तळून उरलेली चरबी. 250 ग्रॅम शॅलटच्या 2 मिलिमीटर जाडीच्या सारख्या चकत्या कापा. जाडी कमी-जास्त झाली की पातळ चकत्या करपेपर्यंत जाड चकत्या ओल्याच राहतात. 250 ग्रॅम डुकराची चरबी वितळवून (नाहीतर वास नसलेलं तेल घेऊन) ती जेमतेम कोमट असतानाच चकत्या घाला आणि मध्यम आचेवर सतत हलवत राहा. कडकडीत तेलात टाकल्या तर आतलं पाणी निघून जाण्याआधीच कडा काळ्या पडतात. 12 ते 15 मिनिटांत बुडबुडे कमी होतात, म्हणजे पाणी संपत आलं. रंग गव्हाळ झाला की लगेच झाऱ्याने काढून कागदावर पसरा. हवा तो रंग कढईतच येऊ दिलात तर कांदा हातचा गेला, कारण बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने गडद होत राहतो. कडवट झालेला कांदा टाकून द्यावा. तो मांसात घातला तर पातेलंभर मांस कडू होतं आणि साखर घालूनही ते सुधारत नाही. उरलेली चरबी गाळून ठेवा, वाडग्याला वास तिचाच येतो.

मांसासाठी निव्वळ लाल खिमा घेऊ नये; तो वाळूसारखा रवाळ होतो. पोटाकडचं, चरबी असलेलं 500 ग्रॅम मांस सुरीने बारीक तुकडे करून घ्या. त्यात कातडी असेल तर रस्सा चिकट आणि दाट होतो. मांस परता, सुटलेलं पाणी आटू द्या, मग 4 पाकळ्या लसूण, 75 मिलिलिटर सोया सॉस, 50 मिलिलिटर तांदळाची वाइन, 15 ग्रॅम खडीसाखर, पाव चमचा पांढरी मिरपूड, पाव चमचा चिनी पंचमसाला (पाच मसाल्यांची पूड) आणि 600 मिलिलिटर पाणी घाला. झाकण किंचित तिरकं ठेवून अगदी मंद आचेवर दीड तास शिजवा. खळखळून उकळलं तर चरबी रस्स्यात फेटली जाते आणि रस्सा गढूळ, तेलकट लागतो. तळलेला कांदा शेवटच्या अर्ध्या तासात घाला. सोया सॉस नैसर्गिकरीत्या आंबवलेलाच हवा. युनलिन परगण्यातलं शीलुओ हे गाव काळ्या सोयाबीनच्या सॉससाठी प्रसिद्ध आहे, पण तो मिळाला नाही तर साधा आंबवलेला सॉसही चालेल. रंग घातलेलं खारट पाणी मात्र चालणार नाही.

रस कोळंबीच्या डोक्यांचा आणि सालींचा. 300 ग्रॅम कोळंबीची डोकी-सालं चमचाभर तेलात 5 मिनिटं परता आणि डोकी डावाने दाबत राहा, म्हणजे आतला केशरी ऐवज तेलात उतरतो. 1.2 लिटर पाणी घालून 20 ते 25 मिनिटं मंद उकळा आणि गाळा. त्याहून जास्त उकळलं की रस उग्र होतो.

आता नूडल्स. तैवानमध्ये यासाठी पिवळे, आधीच उकडून तेल लावलेले, क्षारयुक्त नूडल्स वापरतात. ते मिळाले तर 20-30 सेकंदांहून जास्त उकळू नका, कारण ते शिजलेलेच असतात. घरी करायचे असतील तर लागणारा क्षार खाण्याच्या सोड्यापासून करता येतो: आधी सोडा ताटलीत पसरून 120-130 अंश सेल्सिअसवर तासभर भट्टीत ठेवा. त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 100 ग्रॅमचे साधारण 63 ग्रॅम उरतात. हा भाजलेला सोडा तीव्र असतो, ओल्या हाताने धरू नये. धुण्याचा सोडा रसायनाने तोच असला तरी तो खाण्याच्या प्रतीचा नसतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. 300 ग्रॅम मैदा, 3 ग्रॅम भाजलेला सोडा, 3 ग्रॅम मीठ आणि 115 ग्रॅम पाणी, एवढं प्रमाण पुरतं. ‘चिमूटभर सोडा’ असं कृपया छापू नका; दुप्पट पडला तर नूडल्सना साबणासारखी चव येते. पीठ आधी भुरभुरीत आणि कोरडं वाटेल, तरी पाणी वाढवू नका. तास-दीड तास झाकून ठेवलं की ते मळता येतं. 2 मिलिमीटर जाड लाटा, कापा, किंचित कच्चे राहतील इतकेच उकडा, निथळा, चमचाभर तेल लावून पंख्याखाली मोकळे करा. तेल उशिरा लावलं की गोळा झालाच म्हणून समजा.

वाडग्यात गरम केलेले नूडल्स, 10 सेकंद उकडलेले मूग-मोड, डावभर मांस आणि 120 मिलिलिटर रस. रसात नूडल्स बुडता कामा नयेत. वर एक उकडलेली कोळंबी, कोथिंबीर, अर्धा चमचा वाटलेला लसूण, अर्धा चमचा काळं व्हिनेगर आणि कांद्याची थोडी चरबी. तैवानचं काळं व्हिनेगर चवीला वुस्टरशायर या इंग्रजी सॉसच्या जवळ जातं, म्हणून दोन भाग तो सॉस आणि एक भाग तांदळाचं व्हिनेगर असं मिश्रण चालतं.

शाकाहारी वाचकांसाठी ‘मांसाऐवजी सोया चंक्स’ लिहून मोकळं होऊ नये. तैवानमध्ये बौद्ध शाकाहाराची मोठी परंपरा आहे. त्यात कांदा-लसूण वर्ज्य असतो, आणि वेष्टनावर कांदा-लसूणयुक्त शाकाहाराची वेगळी वर्गवारीही असते. अशा स्वयंपाकात भिजवलेले सुके शिताके मशरूम (30 ग्रॅम) आणि घट्ट टोफू (200 ग्रॅम) बारीक चिरून, कडा तपकिरी होईपर्यंत आल्यासोबत परततात आणि सोया सॉस-साखरेत शिजवतात. मशरूम भिजवलेलं पाणी रसासाठी वापरावं, तळाची माती तेवढी मागे ठेवून.

आणखी सोपं हवं असेल तर तिळाच्या सॉसचे थंड नूडल्स छापा. तीन मोठे चमचे भाजलेल्या तिळाची पेस्ट घ्यावी. ताहिनी या पश्चिम आशियाई पेस्टचे तीळ कमी भाजलेले असतात, त्यामुळे तिला तो वास नसतो. पेस्टमध्ये चमचा-चमचा पाणी घालताना ती आधी घट्ट होऊन फुटल्यासारखी दिसते. इथेच बहुतेक जण घाबरून तेल ओततात. पाणीच घालत राहिलं की ती गुळगुळीत होते. मग दीड मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर, दोन छोटे चमचे साखर आणि लसणाचं पाणी (वाटलेला लसूण कालवलेलं पाणी) घालावं. सोबत काकडीचे बारीक काप, आणि तेही वाढायच्या वेळी, नाहीतर त्यांना पाणी सुटून सॉस पातळ होतो.

कळावे,
एक वाचक